‘सोडायची नाही’ म्हणणाऱ्याशी कसं बोलावं?

२०१२ साली थायलंडच्या आरोग्य संवर्धन प्रतिष्ठानाने बँकॉकच्या रस्त्यांवर एक छोटी जाहिरातफीत चित्रित केली. हातात सिगरेट धरलेली लहान मुलं फुटपाथवर धूर सोडत उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे जातात आणि विचारतात, ‘जरा पेटवून देता का?’ फितीत दिसणारं एकही मोठं माणूस लायटर पुढे करत नाही. उलट मुलांना समजावू लागतं. कुणी फुप्फुसाच्या कर्करोगाचं सांगतं, कुणी घशाला भोक पाडावं लागणाऱ्या शस्त्रक्रियेची भीती घालतं. मुलं शांतपणे ऐकून घेतात आणि एक घडी घातलेला कागद हातावर ठेवून निघून जातात. कागदावर साधारण एवढंच लिहिलेलं असतं की माझी काळजी करता, मग स्वतःची का नाही करत? खाली धूम्रपान सोडण्यासाठीच्या मदतवाहिनीचा नंबर. ही फीत जगभर पाहिली गेली आणि त्या नंबरवर येणाऱ्या फोनची संख्या वाढली.

ज्यांच्या घरात सिगरेट किंवा विडी ओढणारं माणूस आहे, त्यांनी या फितीतली एक गोष्ट लक्षात घ्यावी. धूम्रपानाचे तोटे ओढणाऱ्याला पाठ असतात. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारं धोक्याचं चित्र तो रोज हाताळतो. सिनेमाच्या आधी लागणारी जाहिरात त्याने शंभरदा पाहिलेली असते. माहिती त्याला कमी पडत नाही, म्हणून तीच माहिती आणखी मोठ्या आवाजात सांगून फरक पडत नाही. बँकॉकच्या त्या माणसांना कुणी उपदेश केला नाही. सगळी कारणं ती स्वतःच्या तोंडाने बोलली, आणि तेच त्यांच्या मनाला लागलं.

‘आमचे हे काही सोडायला तयार नाहीत,’ असं घरोघरी ऐकू येतं. खरोखर तसं असतं का? मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केंद्र सरकारसाठी तंबाखू वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. त्यात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याचा विचार करत होते किंवा तसं ठरवत होते. पाकिटावरचं चित्र पाहून सोडण्याचा विचार मनात आला, असं ६१.९ टक्के सिगरेट ओढणाऱ्यांनी आणि ५३.८ टक्के विडी ओढणाऱ्यांनी सांगितलं. म्हणजे नाही म्हणणाऱ्या माणसाच्या मनातही बहुतेक वेळा दोन्ही बाजू असतात. एक मन म्हणतं, पुरे झालं आता. दुसरं म्हणतं, एवढा एकच तर विरंगुळा आहे. घरच्यांनी पहिली बाजू लावून धरली की त्याला दुसरी बाजू लढवावी लागते, आणि जी बाजू माणूस स्वतः मांडतो ती त्याला अधिकाधिक पटत जाते. आपल्या प्रेमळ कानउघाडणीचा परिणाम उलटा होतो तो इथेच.

ही गोष्ट शास्त्रशुद्ध पद्धतीने मांडली ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी. दारू सोडू पाहणाऱ्या रुग्णांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की समुपदेशक जितका अंगावर येतो, तितका रुग्ण हटून बसतो, आणि जितका ऐकून घेतो, तितका रुग्ण स्वतःहून बदलाची भाषा बोलू लागतो. १९८३ साली त्यांनी यावर पहिला निबंध लिहिला आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह १९९१ मध्ये पुस्तक. आज जगभर तंबाखूमुक्तीच्या केंद्रांत समुपदेशक हीच रीत वापरतात. ती घरातही वापरता येते, आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

समजा, एका घरात साठीला टेकलेले वडील आहेत. रात्रीचं जेवण झालं की शतपावलीच्या निमित्ताने ते कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जातात. टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर असतो, तिथेच सिगरेट पेटते. परत येताना तोंडात बडीशेप. दार उघडणाऱ्या मुलीला वास आल्याशिवाय राहत नाही.

‘बाबा, पुन्हा ओढून आलात ना?’

‘एकच ओढली गं.’

‘एकच म्हणे! डॉक्टरांनी काय सांगितलंय विसरलात? आईचा तरी विचार करा.’

‘तुझे आजोबा जन्मभर विडी ओढत होते, नव्वदीपर्यंत खणखणीत होते. उगाच डोकं खाऊ नकोस.’

संवाद संपला. मुलीची तळमळ खरी आहे, पण या चार वाक्यांत वडिलांनी काय केलं? न सोडण्याची बाजू भक्कम केली. उद्या रात्री बडीशेपेऐवजी वेलची येईल, एवढाच बदल.

आता हेच बोलणं दुसऱ्या दिवशी, रविवारच्या निवांत दुपारी, दोघंच असताना.

‘बाबा, भांडायला नाही आले, खरंच विचारतेय. सिगरेटमुळे तुम्हाला नेमकं बरं काय वाटतं?’

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नसतो. ते जरा थांबतात. ‘जेवणानंतरची ती पाच मिनिटं माझी असतात. रिटायर झाल्यापासून घरात दिवसभर काय करायचं? टपरीवर चार माणसं भेटतात.’

‘हं. म्हणजे सिगरेटइतकंच त्या माणसांसाठीही जाता. आणि न आवडणारं काही आहे तिच्यात?’

‘आहे ना. जिना चढताना दम लागतो हल्ली. आणि छोटी जवळ घेतली की तोंड फिरवते, म्हणते, आजोबा वास येतो.’

‘शून्य ते दहामध्ये सांगायचं झालं, तर सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’

‘असेल चारेक.’

‘चार? दोन का नाही म्हणालात?’

‘अगं, अगदीच सोडायची नाही असं थोडंच आहे...’

सगळी किमया या शेवटच्या प्रश्नात आहे. ‘चारच? दहा का नाही?’ असं विचारलं असतं तर वडिलांनी सहा अडचणी सांगितल्या असत्या. ‘दोन का नाही’ विचारल्यावर त्यांना सोडण्याच्या बाजूची कारणं शोधावी लागली, तीही स्वतःच. समुपदेशक हा आकड्याचा प्रश्न मुद्दाम याच दिशेने विचारतात. त्याचा जोडप्रश्न आत्मविश्वासाचा असतो: सोडायचं ठरवलंच तर जमेल असं किती वाटतं? पुष्कळांच्या बाबतीत महत्त्वाला सात मिळतात आणि जमण्याला दोन. बाहेरून अनिच्छा दिसते, आत मागच्या प्रयत्नातलं अपयश असतं. अशा माणसाला आणखी घाबरवून उपयोग नाही. त्याला मार्ग दाखवायला हवा.

आणि इथे थांबायचं. ‘मग उद्यापासून बंद!’ असं लगेच म्हटलं की कमावलेलं सगळं जातं. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत परत म्हणावं, ‘दम लागतो आणि छोटी जवळ येत नाही, याचं तुम्हाला वाईट वाटतं तर,’ आणि विषय सोडून चहा टाकावा. पुढचं बोलणं आठवड्याने होऊ दे.

माणूस जी कारणं देतो, त्यांची खरी उत्तरं मात्र घरच्यांना माहीत असावीत. ती तोंडावर फेकण्यासाठी नव्हेत. ‘मला एक माहिती मिळाली, सांगू का?’ अशी परवानगी घेऊन सांगण्यासाठी.

सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण ताणाचं. ‘टेन्शनमध्ये ओढावीच लागते.’ हे खोटं नाही, त्याला तसं खरोखर वाटतं. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथे डोपामिन स्रवतं. पण रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढच्या सिगरेटने ही अस्वस्थता शमते आणि माणसाला वाटतं की ऑफिसचा ताण गेला. प्रत्यक्षात गेला तो आधीच्या सिगरेटने निर्माण केलेला ताण. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले आढळले. पहिले काही दिवस त्रासाचे असतात हे खरं, पण ते ओलांडलेला माणूस आधीपेक्षा शांत असतो.

दुसरं कारण, ‘मी दिवसाला एक-दोनच ओढतो.’ लंडनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हा प्रश्न तपासला. दिवसाला वीस सिगरेटींमुळे हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मी वाढ दिवसाला एका सिगरेटने होते. विसावा भाग नव्हे, निम्मी. कमी करणाऱ्याचं कौतुक जरूर करावं, पण कमी करणं हा मुक्काम नाही हे त्याला माहीत असायला हवं.

विडीबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. पानात गुंडाळलेली, कागद नाही, केमिकल नाही, म्हणून ती सौम्य, असं गावागावांत मानलं जातं. गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलातलं तेंदूपान आणि सिन्नर, सोलापूरकडच्या बायकांनी वळलेल्या विड्या ही आपल्याकडची ओळखीची गोष्ट, त्यामुळे ती परकी वाटत नाही. पण पान सहज जळत नसल्याने विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते. धूर छातीत खोलवर जातो. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचं सुमारे आठ वर्षांनी आणि सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे दहा वर्षांनी कमी होतं. नव्वदीपर्यंत जगलेले आजोबा असतात, नाही असं नाही. पण ज्यांचे आजोबा पंचावन्नाव्या वर्षी गेले, त्या घरात त्यांचा दाखला कुणी देत नाही.

‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी स्वतःच्या आयुष्याने दिलं आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगरेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. त्या अभ्यासाचे आकडे समोर येत असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगरेट सोडली. १९५१ पासून त्यांनी ३४ हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवायला सुरुवात केली, ती पन्नास वर्षं चालली. २००४ मध्ये निष्कर्ष आले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला गमावली असती ती जवळपास सगळी दहा वर्षं परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीतही तीन. साठीच्या वडिलांना सांगण्यासारखा आकडा हा आहे. तीन वर्षं म्हणजे नातीची दहावी पाहणं किंवा न पाहणं.

एक कारण लोक डॉक्टरांनाही संकोचून सांगतात: ‘सकाळी सिगरेट घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ यालाही आधार आहे. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि सोडल्यावर काही जणांना बद्धकोष्ठता होते. ती तात्पुरती असते. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाकरी, पालेभाज्या, फळं, रात्री गरज पडली तर इसबगोल आणि रोजचं चालणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. या कारणाला हसू नये. कित्येकांचं सोडणं तिसऱ्या दिवशी याच एका गोष्टीपायी मोडतं.

वजन वाढण्याची भीतीही खरी. पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतात. तेवढं वजन सांभाळता येतं. जळलेलं फुप्फुस पूर्वीसारखं करता येत नाही.

भीतीबद्दल आणखी एक. भीती दाखवून नुसतं सोडून दिलं की माणूस तोंड फिरवतो. तीच माहिती त्याच्या स्वतःच्या शरीराबद्दल असेल, समजेल अशा भाषेत असेल आणि पुढची वाट दाखवणारी असेल, तर काम करते. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यातल्या पाच दवाखान्यांत ५६१ धूम्रपान करणाऱ्यांची फुंकर मारून फुप्फुसाची तपासणी केली गेली. सगळ्यांनाच सोडण्याचा सल्ला आणि मदतीचा पत्ता दिला. निम्म्यांना निकाल नुसत्या आकड्यांत कळवला. उरलेल्यांना त्यांचं ‘फुप्फुसाचं वय’ सांगितलं, म्हणजे तुमचं वय बावन्न असलं तरी फुप्फुस पंचाहत्तरीच्या माणसाचं आहे, अशा शब्दांत. वर्षभराने पहिल्या गटातले ६.४ टक्के सुटले होते, दुसऱ्या गटातले १३.६ टक्के. विशेष म्हणजे ज्यांचं फुप्फुस ठीक निघालं त्यांनीही तितक्याच प्रमाणात सोडली. अजून वेळ गेलेली नाही, हे कळणंही तितकंच बळ देणारं असतं. स्पायरोमेट्री नावाची ही तपासणी आपल्याकडच्या छातीविकारतज्ज्ञांकडे आणि मोठ्या रुग्णालयांत होते. दम लागण्याची तक्रार असलेल्या माणसाला तिथे नेणं हे दहा भाषणांपेक्षा मोलाचं काम आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जिथे बहुतेक घरं आणि बरेच डॉक्टरही चुकतात. आपण विचारतो, ‘सोडायची इच्छा आहे का?’ नाही म्हटलं की तिथेच थांबतो. त्याची तयारी झाली की बघू, असं म्हणतो. हा विचार वाजवी वाटतो, पण पुरावा वेगळं सांगतो. २०१२ मध्ये पॉल अ‍ॅव्हेयार्ड आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या थोडक्यात बोलण्याचे अभ्यास एकत्र तपासले. ‘तब्येतीसाठी सोडा’ असा सल्ला देण्यापेक्षा ‘सोडण्यासाठी मी तुम्हाला ही मदत करू शकतो’ असं म्हणण्याने अधिक लोक प्रयत्न करतात, असं दिसलं. म्हणून इच्छा विचारून माणसं वेगळी काढू नयेत. मदत सगळ्यांच्या पुढ्यात ठेवावी, नाही म्हणणाऱ्यांच्याही.

अमेरिकेत तर मुद्दाम अशाच लोकांवर प्रयोग झाला, ज्यांनी महिन्याभरात सोडण्याचा बेत नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. ८४९ जण होते. सगळ्यांनाच थोड्या काळासाठी सोडून पाहण्याचा सराव सांगितला, आणि निम्म्यांना त्यासोबत निकोटिनच्या गोळ्यांचे नमुने दिले. नमुने मिळालेल्यांपैकी ४९ टक्क्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला, इतरांपैकी ४० टक्क्यांनी. ‘सोडायची नाही’ म्हणणारी माणसं होती ही सगळी! यावरून घरात वापरता येईल असा एक उपाय निघतो. कायमचं सोडा, असं न म्हणता, ‘फक्त येत्या मंगळवारी एक दिवस बिनसिगरेटचा काढून बघायचा का? काय होतं ते पाहू,’ असं म्हणावं. एक दिवस निभावला की जमण्याचा आकडा दोनाचा चार होतो. संकष्टीला, श्रावणी सोमवारी किंवा वारीच्या दिवसांत पुष्कळ लोक आपणहून तंबाखूला हात लावत नाहीत. तेव्हा जमतं, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं, पण टोमणा म्हणून नव्हे.

इच्छा कधी जागी होईल याचा नेमही नसतो. इंग्लंडमधल्या रॉबर्ट वेस्ट आणि ताज सोहल यांच्या २००६ च्या पाहणीत जवळपास निम्म्या लोकांनी कोणतीही पूर्वतयारी न करता, त्याच क्षणी सोडायचं ठरवलं होतं. आणि असे अचानक केलेले प्रयत्न ठरवून केलेल्यांपेक्षा अधिक टिकले होते. शेजाऱ्याला आलेला हार्ट अटॅक, मुलीचं बाळंतपण, टपरीवरच्या एका सोबत्याचं अचानक जाणं, अशा एखाद्या दिवशी माणूस म्हणतो, ‘बस झालं.’ त्या दिवशी घरात काय हाताशी आहे, कुणाला फोन करायचा, हे आधीच माहीत असायला हवं. तो क्षण दोन दिवस टिकतो, कधी दोन तास.

तर हाताशी काय असावं?

निकोटिनचा गम औषधाच्या दुकानात मिळतो, पण तो चघळायची रीत फार थोड्यांना माहीत असते. च्युइंगगमसारखा सतत चावला तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, मळमळतं, उचकी लागते आणि माणूस म्हणतो, हे काही आपल्याला मानवत नाही. तो हळूहळू चावायचा, जीभ चुणचुणली किंवा तिखट चव आली की चावणं थांबवून गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा, जागा बदलून ठेवायचा. अर्धा तास असा चालतो. आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घ्यायचं नाही, कारण आंबट पेयांमुळे तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागणाऱ्याचं व्यसन अधिक पक्कं असतं. त्याला किती ताकदीचा गम हवा, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यांनी डोक्यावर परिणाम होतो अशी धास्ती बरीच वर्षं होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या मोठ्या चाचणीत, आधीपासून मानसिक आजार असलेल्यांचाही समावेश करून, या गोळ्यांमुळे असे त्रास लक्षणीयरीत्या वाढल्याचं दिसलं नाही, आणि व्हॅरेनिक्लिनने सर्वाधिक लोक सुटले. औषध घेणं म्हणजे मनाचा दुबळेपणा, असं आपल्याकडे उगाच मानतात. मधुमेहाच्या गोळीला कुणी दुबळेपणा म्हणत नाही.

चहाकडेही लक्ष हवं. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करतं. सोडल्यावर तो वेग मंदावतो, आणि तेवढ्याच पाच कप चहाचा परिणाम जवळपास दुप्पट होतो. छाती धडधडते, झोप लागत नाही, चिडचिड वाढते. माणसाला वाटतं सिगरेट सुटल्याने होतंय. पहिल्या आठवड्यातच चहा निम्म्यावर आणावा. दम्यासाठी थिओफिलिन किंवा काही मनोविकारांवरची औषधं चालू असतील तर त्यांचंही असंच होतं, म्हणून सोडताना डॉक्टरांना सांगणं आवश्यक.

हळूहळू कमी करावी की एकदम बंद? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ६९७ जणांवर तपासलं. ठरलेल्या दिवशी एकदम थांबवणाऱ्यांपैकी ४९ टक्के महिन्याने सिगरेटपासून दूर होते, दोन आठवडे कमी करत आलेल्यांपैकी ३९ टक्के. एकदम बंद केलेली बरी. पण ज्याला एकदम जमणारच नाही असं वाटतं, त्याला कमी करत येऊ द्यावं. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, मग तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत घरच्यांनी जवळ असावं, नजर ठेवू नये. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, सुनेसमोर किंवा जावयासमोर विषय काढणं, हे पूर्ण टाळावं. तो खेकसला तर तीन आठवडे पोटात घालावं. जेवणानंतरच्या शतपावलीला मुलीने सोबत जावं, टपरी नसलेल्या रस्त्याने. वडिलांची ती पाच मिनिटं आणि चार माणसं काढून घेतली तर त्यांच्या जागी काहीतरी द्यायला लागेल, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

एक नियम मात्र घराने प्रेमाने आणि ठामपणे करावा. घरात, गॅलरीत, गाडीत कुणीच ओढायची नाही, पाहुण्यांनीही नाही. हा नियम मुलांच्या फुप्फुसांसाठी आहे, बाबांना शिक्षा म्हणून नाही, हे स्पष्ट सांगावं. बिनधुराच्या घरात राहणाऱ्यांचे सोडण्याचे प्रयत्न अधिक होतात, हे अनेक देशांत दिसलं आहे.

घसरण होईल, हे धरूनच चालावं. बराक ओबामांनी अध्यक्षपदाची मोहीम सुरू केली तेव्हा सिगरेट सोडण्याची अट त्यांच्या पत्नीने घातली होती. निकोटिनचा गम चघळत, मधूनमधून घसरत, त्यांना वर्षं लागली. २०११ च्या फेब्रुवारीत मिशेल ओबामांनी सांगितलं की आता जवळपास वर्ष झालं. तेव्हा लग्नाच्या वरातीत एक ओढून आलेल्या माणसाला ‘बघ, शेवटी ओढलीसच’ म्हणू नये. ‘वीस दिवस राहिलास, त्यात काय उपयोगी पडलं? वरातीत काय झालं?’ असं विचारावं. त्या उत्तरातून पुढच्या प्रयत्नाची तयारी होते.

आणि खोटी आशाही लावू नये. शाहरुख खानने नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत चाहत्यांना सांगितलं की त्याने सिगरेट सोडली आहे, पण दम लागणं थांबेल असं वाटलं होतं, ते अजून थांबलेलं नाही. इतकं प्रामाणिक बोलणं फार उपयोगाचं. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका तेवढा उतरायला दहा वर्षं लागतात. काही नुकसान भरून येतं, काही फक्त वाढायचं थांबतं.

बायकांविषयी थोडं. शहरांत नोकरी करणाऱ्या तरुण मुली ओढतात, खेड्यात म्हाताऱ्या विडी ओढतात, आणि दोघींनाही मदत मागताना आधी लाज आडवी येते. त्यांच्याशी बोलताना ‘मुलीच्या जातीला’ हे शब्द तोंडातून निघाले की दार कायमचं बंद होतं. तिच्या फुप्फुसाला लागणारा नियम पुरुषाइतकाच आहे, तेवढंच बोलावं.

२०१६-१७ च्या त्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करत होते, तर तंबाखू, खर्रा, मिश्री अशा बिनधुराच्या सवयी २४.४ टक्क्यांना होत्या. वरचं बोलण्याचं सगळं तंत्र तळहातावर तंबाखू-चुना मळणाऱ्या काकांनाही तसंच लागू पडतं.

डॉक्टर मंडळींसाठी एक आकडा. लंडनमध्ये मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये दाखवलं की जनरल प्रॅक्टिशनरने दोन मिनिटं बोलून, पत्रक देऊन, पुन्हा विचारेन असं सांगितलं तर वर्षभराने ५.१ टक्के लोक सुटलेले असतात, काहीच न बोलल्यास ०.३ टक्के. पाच टक्के थोडे वाटतील. पण दिवसाला साठ रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यात वर्षाचा हिशेब केला, तर एकेका गावातली कितीतरी माणसं वाचतात. बीपी तपासताना पट्टा सोडेपर्यंतच्या वेळात एवढं बोलून होतं.

सरकारी मदतवाहिनीचा नंबर १८००-११-२३५६ आहे. २०१८ पासून तो देशातल्या प्रत्येक सिगरेट, विडी आणि तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो. फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं, आणि समुपदेशक पुढे स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. ओढणाऱ्याने करावा हे उत्तम. तो करत नसेल तर हा नंबर आज आपल्या मोबाईलमध्ये साठवून ठेवा, आणि येत्या रविवारी, त्याच्याशी भांडण झालेलं नसताना, त्याला सिगरेटमुळे नेमकं काय बरं वाटतं ते विचारा. उत्तर मधे न तोडता ऐका.